एक उकळी

"मावशी, तू हे दूध दुसऱ्यांदा तापवतेयस."

"दुसऱ्यांदा कुठे? आत्ताच तर पिशवी फोडली."

"पहिल्यांदा डेअरीत तापवलंय ना!"

भाची फूड टेक्नॉलॉजी शिकते, त्यामुळे आकडे तोंडपाठ. ७२ अंशांवर १५ सेकंद, मग लगेच ४ अंशांपर्यंत थंड. रोगजंतू मरतात, दूध आंबवणारे थोडे चिवट उरतात, म्हणून फ्रीज. आणि म्हणे पाश्चरसाहेबांनी १८६०च्या दशकात ही युक्ती काढली ती वाइन नासू नये म्हणून. दुधाचा नंबर नंतर लागला. हे ऐकून मला उगाचच मजा वाटली.

बरं, ४ अंश. पण ते डेअरीच्या दारापर्यंत! पुढे मे महिन्यातल्या पहाटे चौकात क्रेट उतरतात, पोऱ्या सहाला पिशवी कडीला अडकवून जातो आणि मी उठते सातला. ते तास कोणाच्या हिशेबात? यावर भाची जरा गप्प झाली. मग म्हणाली, "नासायला लागलेलं दूध उकळून ताजं होत नाही." खरंय. पण फाटायचं असेल तर ते पातेल्यात फाटतं, पाहुण्यांच्या चहात नाही.

आईची गोष्ट वेगळी होती. रतीबाचं कच्चं दूध, घरात फ्रीज नाही. सकाळ-संध्याकाळ तापवायचं, उन्हाळ्यात दुपारीसुद्धा. तिथे उकळी हवीच होती. दूध गॅसवर असताना आई दारावरची बेल वाजली तरी हलायची नाही. पाणी उकळतं आणि आपल्या जागी राहतं. दुधावर मात्र सायीचं झाकण धरतं, खाली वाफ कोंडते आणि पुढचं सगळं ओटा पुसणाऱ्याला ठाऊक आहे. मग घरात शिट्टीचा मिल्क कुकर आला. आई त्याच्याही शेजारी उभी राहायची.

आता खरं सांगते. मी जंतूंसाठी दूध तापवतच नाही, सायीसाठी तापवते. मध्यंतरी दुकानदाराने होमोजिनाइज्ड दूध दिलं. भाचीच्या भाषेत, त्यातले स्निग्ध कण इतके बारीक केलेले असतात की ते वर येतच नाहीत. माझ्या भाषेत, साय नाही, विरजण नाही, लोणी नाही, तूप नाही. नुसतं पांढरं पाणी. दुसऱ्याच दिवशी पिशवी बदलली.

तह असा ठरला: एकच उकळी, गॅस बंद, निवलं की लगेच फ्रीजमध्ये. संध्याकाळी पुन्हा तापवायचं नाही.

रविवारी तूप कढवलं. भाची हॉस्टेलला निघाली होती, बॅग दारात. पण कढईतली बेरी साखर घालून खरवडून खाईपर्यंत तिने दोन रिक्षा सोडल्या.