तुम्ही विचारलंत म्हणून: सरदार

'तुझे सरदार एवढे खरे कसे वाटतात?' डी अँड डी, म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स, हा फासे टाकत पात्रं वठवायचा खेळ. मी त्यात सरदार खेळतो, आणि प्रत्येक नव्या टेबलावर हा प्रश्न येतो. पाठोपाठ, आडनाव चाचपत, 'घराणं वगैरे होतं का तुमचं?'

नव्हतं. काळाचौकीला दीड खोली होती. पणजोबा रत्नागिरीकडे खोताची, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराची, जमीन कसणारं कूळ. पिकलेल्या भातातलं निम्मं खोताच्या अंगणात नेऊन टाकायचं, वर वेठ. १९४९च्या कायद्याने खोती गेली, तोवर आजोबा मुंबईत गिरणीला लागले होते. हे आमचं घराणं.

सुरुवातीला मीही सगळ्यांसारखाच खेळायचो. २०१४च्या प्लेयर्स हँडबुकातला, म्हणजे खेळाच्या नियमपुस्तकातला, नोबल (उमराव) घेतला की भारी कपडे, शिक्क्याची अंगठी, वंशावळीची गुंडाळी आणि २५ सोन्याची नाणी मिळतात. मी त्या वंशावळीची नऊ पानं लिहून काढली होती. डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, ती वाचली नाहीत, उपकारच केले. नऊ पानांत एकसुद्धा सावकार नव्हता!

मग मला वाटायला लागलं की सगळी गंमत हिशेबात आहे. वतन पिढीजात, सरंजाम फौज बाळगण्यासाठी दिलेला, मर्जी फिरली की काढून घेता येणारा. म्हणून माझा सरंजामदार दरबारात हसतानाही मनात घोडी मोजतो, कारण उद्याच्या हजेरीतली निम्मी शेजाऱ्याकडून उसनी आणलेली असतात. चार वर्षं मी सगळ्यांना हेच उत्तर देत आलो. ते चूक नाही. आजही देईन.

पण तो रविवार. सेशन आमच्याच घरी होतं. बाहेर पाऊस, चटईवर सहाजण, मध्ये फासे. माझा जहागीरदार सावकाराच्या कारकुनाला शब्दांत खेळवत होता, आणि खरंच रंगलं होतं. तेवढ्यात आई चहाचा ट्रे घेऊन आली. मी मान न वळवता हात पुढे केला, कप उचलला आणि जहागीरदाराच्याच आवाजात म्हणालो, 'बाकीचं ठेव तिथे.'

सगळे खो खो हसले. आईने ट्रे ठेवला. 'ठेवते हो, खोत,' म्हणाली आणि आत गेली.

आमच्या घरात 'खोत' हा शब्द कौतुकाने येत नाही. पोरगा नुसता बसून राहिला की आजी म्हणायची, 'उठ, खोतासारखा पसरू नको.'

कोणीतरी म्हणालं, 'काय अ‍ॅक्टिंग केलीस यार!' आमच्यातली जी चोराचं पात्र खेळते, ती बिस्किट बुडवता बुडवता म्हणाली, 'अ‍ॅक्टिंग कुठली? दर रविवारी हा असाच घेतो. आज फक्त आवाज बदलला.'

मी भांडलो. मी कॅरेक्टरमध्ये होतो. आईला गंमत कळते. वळून बघितलं असतं तर कपाचा धक्का लागून फासे उडाले असते. (हे शेवटचं मी खरोखर म्हणालो.) ती म्हणाली, 'बरं, मागच्या पाच सेशन्सचे कप आत कोणी नेले, सांग.' मला सांगता आलं नाही. तिला आलं.

अजूनही मला वाटतं, ती थोडी अन्याय करत होती. पोरगा आईच्या हातचा चहा घेतो, त्यात सरंजामशाही काय शोधायची? आणि तरी, नऊ पानं लिहून जे जमलं नव्हतं ते त्या दोन सेकंदांत जमलं होतं, हेही मला दिसतंय.

आता ट्रे आणायला मी उठतो. सीन तुटतो, डीएम वैतागतो, आई म्हणते, 'बस रे, सांडशील.' पुढचा सरदार मी मुद्दाम वेगळा केला: प्रत्येक नोकराला नावाने हाक मारणारा, पाणी देणाऱ्याकडे बघून बोलणारा. कोणालाच तो पटला नाही. तिसऱ्या सेशनला 'तो जुना आण ना, हा फारच गोड आहे' असं म्हणाली, तीही तीच.

आणलेला नाही. त्याची कॅरेक्टर शीट फाडलेलीही नाही.