अहवालातील एकवचन

एंडोस्कोपीच्या अहवालाच्या शेवटी ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी पॉझिटिव्ह’ एवढेच लिहिलेले होते आणि तेवढ्यावरून मला चौदा दिवसांची औषधे लिहून देण्यात आली. त्यात काहीच चूक नव्हती. परंतु जगातील जवळजवळ निम्म्या माणसांच्या जठरात आढळत आलेल्या या जिवाणूचा बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही, साधारण १० ते १५ टक्क्यांना अल्सर होतो आणि १ ते ३ टक्क्यांना जठराचा कर्करोग होतो, हे वाचनात आल्यापासून त्या ओळीतले एकवचन मला खटकू लागले. ज्याला आपण एकाच नावाने ओळखतो तो प्रत्यक्षात असंख्य वाणांचा गोतावळा आहे, आणि कोणता वाण कोणाच्या पोटात आहे हे विचारल्याशिवाय या आजारांचा उलगडा होत नाही.

बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या संशोधकांनी ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे १९८२ मध्ये हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवला आणि २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले, ही कथा बहुतेकांना ठाऊक असते. मार्शल यांनी १९८४ मध्ये जिवाणूंचे द्रावण स्वतः पिऊन पाहिले, हेही ठाऊक असते. मात्र त्यांना काही दिवसांत जठरशोथ, म्हणजे जठराच्या अस्तराचा दाह झाला, अल्सर झाला नाही, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही.

या जिवाणूचा संपूर्ण जनुकसंच १९९७ मध्ये वाचला गेला, तेव्हा डीएनएची सुमारे १६ लाख ७० हजार अक्षरे आणि जवळपास १,६०० जनुके आढळली. दोन वर्षांनी दुसऱ्या एका रुग्णाकडून मिळालेल्या वाणाचा जनुकसंच वाचून दोन्ही शेजारी ठेवले, तर प्रत्येकातील सहा-सात टक्के जनुके दुसऱ्यात नव्हतीच. इतकी विविधता येते कुठून? डीएनएची नक्कल करताना झालेल्या चुका दुरुस्त करणारी जी यंत्रणा अनेक जिवाणूंकडे असते, तिचे महत्त्वाचे भाग याच्याकडे नाहीत. शिवाय आसपासच्या भाऊबंदांचे डीएनए आत ओढून आपल्यात मिसळून घेण्यात तो पटाईत आहे. त्यामुळे एकाच माणसाच्या जठरात वर्षानुवर्षे राहताना त्याचे थोडेथोडे वेगळे वंशज तयार होत राहतात.

या फरकांपैकी सर्वाधिक अभ्यास झाला आहे तो ‘कॅग’ बेटाचा. सुमारे ४० हजार अक्षरांचा हा जनुकपट्टा काही वाणांत असतो, काहींत नसतो. असला, तर जिवाणू सुईसारखी एक रचना उभारतो आणि तिच्यातून कॅगए नावाचे प्रथिन थेट जठराच्या अस्तराच्या पेशीत टोचतो. आत गेल्यावर पेशीचीच विकरे या प्रथिनाला फॉस्फेट जोडतात, आणि मग ते पेशीच्या वाढीचे व आकाराचे नियंत्रण बिघडवते. फॉस्फेट जोडले जाण्याच्या जागाही सगळीकडे सारख्या नाहीत: पूर्व आशियातील वाणांत जी विशिष्ट जागा आढळते ती पेशीतील ‘एसएचपी-२’ या विकराला पाश्चात्त्य वाणांतील जागेपेक्षा अधिक घट्ट पकडते. कॅगए असलेल्या वाणांशी अल्सर आणि कर्करोग या दोहोंचा संबंध अधिक आढळतो. पण पूर्व आशियात जवळजवळ सगळेच वाण कॅगएधारी असल्याने तिथे नुसत्या ‘आहे-नाही’ने कोणाला धोका किती, हे ठरवता येत नाही. व्हॅकए या विषाचे जनुक मात्र जवळपास सर्वच वाणांत असते, आणि त्याच्या काही ठरावीक भागांतील फरकांवर ते विष कितपत चालते हे अवलंबून राहते.

तरीही सगळा दोष जिवाणूच्या माथी मारणे मला पटत नाही, आणि त्याचे कारण कोलंबियातील नारिन्यो प्रांत. तेथील अँडीजमधील डोंगराळ भागात आणि पॅसिफिक किनाऱ्यावर संसर्गाचे प्रमाण सारखेच, सुमारे ९० टक्के. परंतु जठराच्या कर्करोगाचे प्रमाण डोंगरात सुमारे २५ पट जास्त. किनाऱ्यावरील बहुतांश लोक आफ्रिकी वंशाचे आणि त्यांच्या पोटातील जिवाणूही प्रामुख्याने आफ्रिकी वंशाचे आहेत. डोंगरातील लोक प्रामुख्याने मूळ अमेरिकी वंशाचे आहेत, पण त्यांच्या जठरात नंतर बाहेरून आलेल्या वाणांनी बस्तान बसवले आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माणसे आणि त्यांच्यातील जिवाणू या दोघांचेही जनुकीय वंश मोजले गेले, तेव्हा जिवाणूतील आफ्रिकी अंश आफ्रिकी वंशाच्या माणसांत बराचसा निरुपद्रवी, तर मूळ अमेरिकी वंशाच्या माणसांत गंभीर विकृतीशी निगडित दिसला. हा जिवाणू सुमारे ५८ हजार वर्षांपूर्वी माणसासोबतच आफ्रिकेबाहेर पडला असा अंदाज आहे. एवढा दीर्घ सहवास एकदम तुटून अनोळखी बिऱ्हाडकरू आला की घर बिघडते, असे मला यातून दिसते. आहार आणि मीठ यांचाही वाटा असतोच.

यजमानाच्या, म्हणजे ज्याच्या पोटात जिवाणू राहतो त्या माणसाच्या, बाजूने आणखी एक गुंता आहे. दाह जठराच्या शेवटच्या भागात एकवटला तर आम्ल वाढते आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर होऊ शकतो; दाह मधल्या मोठ्या भागात पसरला तर आम्लग्रंथीच झिजतात, आम्ल घटते आणि कर्करोगाकडे जाणारी वाट मोकळी होते. म्हणूनच लहान आतड्याचा अल्सर झालेल्यांत जठराच्या कर्करोगाचा धोका उलट कमी आढळतो.

मग अहवालात वाण लिहायला हवा होता का? कॅगए असो वा नसो, प्रौढ रुग्णात जिवाणू सापडला की सहसा उपचार करावेत, अशीच आजची शिफारस असल्याने त्या माहितीने माझ्या औषधांत फरक पडला नसता. फरक पडला असता तो दुसऱ्याच एका जागी: जिवाणूच्या २३एस आरआरएनएच्या (प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेच्या एका भागाच्या) जनुकात एकच अक्षर बदलले, तर क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक निष्प्रभ ठरते. बायॉप्सीच्या नमुन्यावरून ते अक्षर आधीच तपासता येते. माझे तपासले गेले नव्हते, आणि माझ्या चौदा दिवसांच्या औषधांत क्लॅरिथ्रोमायसिन होते.