यमाता, यमाता: मीटर काढल्यापासूनचे पाच महिने

मे अखेर

सायकलच्या स्टेमवर (हँडल धरणाऱ्या दांडीवर) वेग-अंतराचा मीटर बसायचा तिथे आता रबरी पट्टीचा काळपट चौकोन तेवढा उरलाय. स्पोकवरचं चुंबक आणि फोर्कवरचा सेन्सर सोडवून डब्यात ठेवलं. सहा वर्षं त्या चौकोनाकडे बघत सायकल चालवली. आता तो नसताना काय होतं, ते सायकलवाल्या मंडळींसाठी लिहून ठेवणार आहे.

कारण छोटंसंच आहे. मागच्या रविवारी खडकवासल्याहून परतले तेव्हा गेटपाशी मीटरवर ३८.६ किलोमीटर होते. ४० करायचे म्हणून सोसायटीभोवती फेऱ्या मारायला लागले. तिसऱ्या फेरीला पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, "काही हरवलंय का गं?" त्यांनी काळजीनं विचारलं होतं. मी नाही म्हटलं आणि ४०.० दिसल्यावर घरी गेले, पण तो प्रश्न रात्रभर डोक्यात राहिला.

दुसऱ्या दिवशी मीटरचा माहितीचा कागद शोधून काढला. हा मीटर अंतर मोजतच नाही, चाकाचे फेरे मोजतो. चुंबक सेन्सरसमोरून गेलं की एक फेरा. त्याला आपण भरलेल्या परिघानं गुणलं की अंतर. ७०० बाय २५ च्या (२५ मिलिमीटर रुंद) टायरला तक्त्यात २१०५ मिलिमीटर आहेत, २८ च्या टायरला २१३६. मी दोन वर्षांपूर्वी २८ चे टायर घातले आणि आकडा बदलायचा राहून गेला. फरक जवळजवळ दीड टक्क्याचा. म्हणजे ४०.० दिसले तेव्हा खरे ४०.६ झाले होते, आणि ज्या गोल आकड्यासाठी मी फेऱ्या मारल्या तो गोल नव्हताच.

ज्यांना मीटर ठेवायचाय त्यांनी तक्त्यावर विसंबू नये. हवा नेहमीइतकी भरा, व्हॉल्व्ह अगदी खाली आणा, फरशीवर खडूनं रेघ मारा. मग सायकलवर बसून सरळ एक फेरा पुढे जा, व्हॉल्व्ह पुन्हा खाली आला की दुसरी रेघ. मधलं अंतर टेपनं मोजा आणि ते भरा. अंगाचं वजन आणि हवेचा दाब दोन्ही त्यात येतात.

जूनचा दुसरा आठवडा

पाच राइड झाल्या. सवय मानेत आहे. दर मिनिटाला नजर खाली जाते, काळा चौकोन दिसतो, वर येते. मनगटावर साधं काट्याचं घड्याळ ठेवलंय, घरी परत यायची वेळ पाळायला. फोन सीटखालच्या पाउचमध्ये, फक्त अडीअडचणीसाठी. त्यात कुठलंही ॲप चालू नाही.

एका गोष्टीचा मात्र धक्का बसला. धायरी फाटा ते नांदेड फाटा हा पट्टा मी सपाट समजत होते. इतकी वर्षं तिथे वेग का पडतो म्हणून स्वतःवर चिडायचे. तिथे बारीक चढ आहे. गटाराचं पाणी कुठल्या बाजूला वाहतंय हे बघितलं तरी कळतं. मी बघत होते ते फक्त आकड्याकडे.

जून अखेर

पाऊस लागला. आपल्याकडे या दिवसांत वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, म्हणजे खडकवासल्याकडे जाताना तोंडावर आणि येताना पाठीवर. मीटर असताना जातानाचा २१ बघून हिरमुसायचे आणि येतानाचा ३० बघून फुलायचे. दोन्ही वेळा पाय तेच काम करत होते. आता वारा कानावर घेते. समोरून असला की दोन्ही कानांत सारखा घोंघावतो, तिरका असला की एकाच कानात, आणि पाठीमागून असला की एकदम शांतता. त्या शांततेत चेनचा आवाज ऐकू येतो. धरणाच्या अलीकडे तारेवर पावशा ओरडत होता, त्याचं "पेरते व्हा" सगळं पाठीमागून ऐकू येत राहिलं.

१४ जुलै

सिंहगड. ही नोंद मोठी होणार, कारण मीटर काढल्यापासून हाती लागलेली सगळ्यात मोलाची गोष्ट यात आहे.

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आणि गड १,३१२ मीटरवर. त्यातला बहुतेक चढ गोळेवाडीच्या पुढे घाटात एकदम अंगावर येतो. इथे मी नेहमी मीटरवर चालायचे: वेग ८ च्या खाली जाऊ द्यायचा नाही. पहिल्या दोन वळणांत तो नियम पाळायचे आणि चौथ्यानंतर हँडलवर मान टाकायचे.

या वेळी धरायला काहीच नव्हतं. धुकं इतकं की पुढचं वळणही दिसत नव्हतं. पाय फिरत होते आणि त्या लयीत तोंडात आपोआप आलं: यमाता, यमाता, यमाता, यमाता.

शाळेत वृत्तं शिकताना "यमाताराजभानसलगं" पाठ केलं होतं. त्यातला य गण म्हणजे यमाता, एक लघू आणि दोन गुरू. असे चार य गण आले की भुजंगप्रयात. लहानपणी तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावून आपण ज्या चालीत श्लोक म्हणायचो, तीच ही चाल. पेडलच्या एका फेऱ्यात एक यमाता बरोबर मावतो. उजवा पाय माथ्यावरून पुढे सरकतो तो क्षण "य", उजवा खाली दाबला की "मा", डावा दाबला की "ता". दोन जोर आणि त्याआधीची एक निसटती मात्रा. एक ओळ म्हणजे चार फेरे, एक श्लोक म्हणजे सोळा. वर पोचल्यावर घड्याळ लावून एकदा ताडून पाहिलं. श्लोक सोळा सेकंदांत संपला तर कॅडेन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) नेमका ६०, वीस लागले तर ४८. ज्यांना आकडा हवाच आहे त्यांच्यासाठी: पुढे ३४ आणि मागे २८ दाते असताना माझ्या टायरवर एका फेऱ्यात जवळजवळ २.६ मीटर पुढे जाणं होतं. ६० च्या कॅडेन्सला ताशी साधारण ९.३ किलोमीटर पडतात.

पण खरा उपयोग श्वासाचा आहे. ओळ तोंडानं म्हणायची, मनात नाही. चारही यमाता एका श्वासात निघाले तर जोर बेताचा आहे. तिसऱ्याला श्वास घ्यावा लागला तर आपण मर्यादेवर आहोत. दुसऱ्यालाच तुटला तर गिअर हलका करायचा, आणि हलका गिअर शिल्लक नसेल तर पाय सावकाश करायचे, पण लय मोडायची नाही. बोलता येतंय का, ही कसोटी व्यायामाच्या शास्त्रात जुनी आहे. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी जाणवणाऱ्या श्रमाची ६ ते २० अशी मोजपट्टी केली, त्यात १३ म्हणजे थोडं जड आणि १५ म्हणजे जड. माझी ओळ तिसऱ्या यमातावर तुटते तो टप्पा तेरा-चौदाचा असावा, दुसऱ्यावर तुटते तो पंधराच्या पुढचा. मी अख्खा घाट तिसऱ्याच्या अलीकडे-पलीकडे ठेवला.

भुजंगप्रयात म्हणजे सापाची चाल. सिंहगडाचा घाट वरून बघितला तर हे नाव शोभतं.

मधल्या टप्प्यात उजवीकडच्या ओढ्यातून शीळकरी कस्तूर पक्ष्याची शीळ आली. माणूस शीळ वाजवतोय असंच वाटतं. मी ओळ थांबवून ऐकली आणि पुढच्या फेऱ्याला पुन्हा उचलली. वरच्या पार्किंगपर्यंत एकदाही पाय टेकला नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा. किती वेळ लागला ते माहीत नाही, कारण पायथ्याशी घड्याळ बघायचंच सुटलं होतं. वर मडक्यातलं दही खाल्लं, दोन मडकी.

ऑगस्ट

डोणजे फाट्यावर चहाला थांबले होते. बाकड्यावर एक आजोबा बसलेले, सत्तरीच्या पुढचे. वाटेत भेटणारे सगळे विचारतात ते त्यांनीही विचारलं. "ताई, किती पळती ही?"

"आजोबा, मीटर काढून टाकलाय. आता माहीत नाही."

त्यांना ते पटल्यासारखं दिसलं. त्यांनी बावीस वर्षं डोणज्याहून स्वारगेटच्या पुढे कारखान्यात सायकलवर ड्यूटी केली. काळी सायकल, पुढे डायनॅमोचा दिवा, कॅरिअरला डबा. मी विचारलं, घड्याळ होतं का? नव्हतं. मग वेळेत पोचणार की नाही हे कसं कळायचं?

"उजाडण्यावरनं. घरनं रोज ठरल्या टायमाला निघायचो. उन्हाळ्यात धरणाच्या भिंतीपाशी उजाडायचं, पौषात पार विठ्ठलवाडीला. मधी कुठं उजाडलं त्यावरनं महिना सांगायचो मी."

मी घरी येऊन सूर्योदयाच्या वेळा पाहिल्या. पुण्यात जूनमध्ये सहाच्या किंचित आधी, जानेवारीत सातनंतर. तास-सव्वातासाचा फरक, आणि भरलेल्या डब्यासकट काळ्या सायकलला धरण ते विठ्ठलवाडी तेवढाच वेळ लागणार. त्यांचा हिशेब चोख होता. तेव्हापासून मी वहीत उजाडल्याची जागा लिहिते. १७ ऑगस्टला नांदेड फाट्याच्या अलीकडे, ढग असल्यामुळे नक्की नाही.

सप्टेंबर

मीटरशिवाय काय अडतं तेही लिहायला हवं. पहिली गोष्ट चेन. पूर्वी दर तीनशे किलोमीटरला तेल घालायचे, आता किलोमीटरच नाहीत. म्हणून कानावर सोडलंय. कोरडी चेन चढावर बारीक चिवचिवते, आणि पावसात भिजलेली राइड झाली की त्याच दिवशी पुसून तेल. झीज मात्र कानाला कळत नाही, ती मोजायलाच हवी. स्टीलची पट्टी घ्यायची, पिनच्या मध्यावर शून्य धरायचं. नव्या चेनचे चोवीस सांधे बरोबर १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर भरतात. ३०६ च्या पुढे गेले की चेन बदलायची, नाहीतर मागची कॅसेटही (दातेरी चकत्यांचा संच) खाऊन टाकते. माझी ३०५.५ आहे.

दुसरी गोष्ट ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत करायचे असतात, आणि रात्रीच्या ३००-४०० ला हातात जो वाटेचा कागद असतो त्यावर अमुक किलोमीटरला डावीकडे असं लिहिलेलं असतं. अनोळखी रस्त्यावर अंधारात मीटर नसणं हा धोका आहे. ज्यांना ती करायचीत त्यांनी मीटर लावावा. मी लावला होता आणि पुन्हा करायची ठरवली तर लावेन. रोजच्या राइडला मात्र तो माझ्या हँडलवर परत येणार नाही.

१९ ऑक्टोबर

पुणे–जेजुरी–पुणे, दोघी मैत्रिणींबरोबर. सव्वापाचला निघालो. कोंढव्यावरून बोपदेव घाट, अख्खा यमातावर. आता त्या दोघीही म्हणतात, आणि तिघींची लय एक झाली की मागून येणारा दुचाकीवाला वळून बघतो. माथ्याला उजाडलं.

सासवड ते जेजुरी कऱ्हेच्या बाजूनं जाताना मैलाच्या दगडांवर वेळ लावायचा खेळ केला. (डोकं पिवळं असलं की राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असलं की राज्य महामार्ग, हे नव्यांसाठी.) एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत, म्हणजे एका किलोमीटरला, तीन मिनिटं म्हणजे ताशी २०, अडीच म्हणजे २४, दोन म्हणजे ३०. आम्ही आधी अंदाज सांगायचो, मग घड्याळ बघायचो. चार वेळांपैकी तीनदा माझा अंदाज दहा सेकंदांच्या आत आला. रुंदीकरणात बरेच दगड उखडलेत, त्यामुळे चारच जोड्या सलग मिळाल्या.

परतताना सासवडच्या बाहेर सीताफळांच्या पाट्या लागल्या होत्या. इतकी वर्षं ऑक्टोबरात इथून गेलेय आणि थांबले नव्हते, सरासरी घसरेल म्हणून. बाईंनी डोळे उघडलेली, आजच खायची अशी वेगळी काढून दिली. आम्ही रस्त्याकडेला बसून खाल्ली, बिया हातात गोळा करत.

मग दिवे घाटाचा उतार. इथे मीटरची एक आठवण अजून अंगावर काटा आणते. मागे याच उतारावर ५४ दिसले म्हणून ५५ होतात का बघायला मी खाली बघितलं होतं. ५४ म्हणजे सेकंदाला पंधरा मीटर. एक सेकंद खाली बघितलं की पंधरा मीटर रस्ता न बघता गेला, आणि पुढे ट्रक होता. या वेळी वेग कानातल्या आवाजावर आणि ब्रेकच्या पकडीवर ठरवला, प्रत्येक वळणाच्या आधी कमी केला. मस्तानी तलाव दिसला तिथे बाजूला थांबून पाणी प्यायलो. पाऊस चांगला झालाय, तलाव भरलेला आहे.

वहीतली नोंद: बोपदेव वर, दिवे खाली. उजाडलं बोपदेवच्या माथ्यावर. घरी एक वाजता. पंक्चर नाही. तिघींत सीताफळं सहा.

पुढचा रविवार: सिंहगड, पहाटे साडेपाच, राजाराम पूल. मीटर असलेले-नसलेले सगळे या. मागचा लाल दिवा मात्र लावून या, विठ्ठलवाडीच्या पुढेही अंधार असतो.