लाइन गेली तरी क्लिक चालू होता

मी नागपुरात ऑर्केस्ट्रासोबत ट्रॅक चालवतो. स्टेजवर पाच-सहा वादक असतात, पण गाण्याला व्हायोलिनचा ताफा लागतो, कोरस लागतो, ब्रास लागतो. एवढी माणसं आणणं कुणाला परवडत नाही, म्हणून ते भाग आधी तयार करून लॅपटॉपवरून सोडायचे. डाव्या चॅनलवर ट्रॅक, तो स्पीकरला. उजव्यावर क्लिक, म्हणजे लय मोजणारी टकटक, ती फक्त ड्रमरच्या आणि माझ्या कानात. ड्रमर क्लिकला धरून वाजवतो आणि बाकीचे ड्रमरला धरून. ट्रॅक मोनो, म्हणजे एकाच चॅनलचा, झाला तरी फरक पडत नाही, कारण लॉनवर अर्धे लोक एकाच स्पीकरसमोर बसलेले असतात.

ही गोष्ट नवतप्यातली, म्हणजे मेअखेरीच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांतली. वर्धा रोडवरच्या एका लॉनवर लग्नाच्या आदल्या दिवशीचं संगीत होतं. स्टेजचं तोंड पश्चिमेला आणि साउंड चेक संध्याकाळी पाचला, म्हणजे ऊन थेट वाद्यांवर. माझा लॅपटॉप बनवणारी कंपनी तो १० ते ३५ अंशांत वापरा म्हणते. नवतप्यात ३५ आमच्याकडे नाश्त्याच्या वेळेलाच होऊन जातं. जास्त तापला की प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो, मग आवाज तुटतो. मदतीला आलेला पोरगा म्हणाला, "दादा, कूलर वळवून देऊ का इकडे?" नको म्हटलं. कूलरची हवा ओली, सोबत थेंब उडतात. पडद्याआड सावली केली, लॅपटॉप जाळीच्या स्टँडवर ठेवला आणि खालून साधा टेबल फॅन लावला. तेवढं पुरतं.

खरा वेळ गेला तो घरघरीत. ट्रॅकचा चॅनल उघडला की स्पीकरमधून जाड, सलग आवाज. साउंडवाला केबल बदलत होता. मी लॅपटॉपचं चार्जर काढलं आणि आवाज गायब. परत लावलं, परत हजर. चार्जर पडद्यामागच्या बोर्डावर होतं आणि त्याच बोर्डावर दोन मोठे कूलर. मिक्सरची लाइन दुसरीकडून आलेली. दोघांच्या अर्थिंगमध्ये फरक पडला की तो फरक ऑडिओच्या केबलमधून वाहायला लागतो आणि घरघर होऊन ऐकू येतो. चार्जर काढून कार्यक्रम करणं हा मला मार्ग वाटत नाही, तीन तास बॅटरीच्या भरवशावर कोण राहणार! लॅपटॉप आणि मिक्सर एकाच लाइनवर, एकाच यूपीएसवर घेतले आणि मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स, म्हणजे लॅपटॉपचा आवाज मिक्सरला जोडून देणारी डबी, टाकून त्याचं ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे केबलमधली अर्थिंगची जोडणी तोडणारं, बटण दाबलं. पूर्ण शांत. या छोट्या डबीला पैसे खर्च करताना मंडळी का मागेपुढे पाहतात, मला कळत नाही.

लॅपटॉपची बाकी तयारी ठरलेली आहे. वायफाय, ब्लूटूथ, नोटिफिकेशन, स्लीप सगळं बंद. बफर, म्हणजे आवाज सोडण्याआधी लॅपटॉप जवळ ठेवतो तो साठा, मोठा, १०२४ वर, कारण इथे कुणी लॅपटॉपमधून वाजवत नाही, फक्त फाइल सोडायची असते. आवाज वीस-पंचवीस मिलिसेकंद उशिरा निघाला तरी ट्रॅक आणि क्लिक दोन्ही सारखेच उशिरा निघतात. फाइली एमपी३ नाही, वेव्ह. त्याच फाइली एका जुन्या फोनवर, एअरप्लेन मोडमध्ये, मिक्सरच्या वेगळ्या चॅनलवर म्यूट करून तयार. मोठ्या दौऱ्यांवर दोन कॉम्प्युटर एकत्र चालतात. मधला स्विचर प्रेक्षकांपर्यंत न जाणारा एक सूर सतत तपासत असतो आणि तो थांबला की क्षणात दुसऱ्या कॉम्प्युटरवर जातो. आमच्या बजेटात फोन बसतो, पण फोन हवाच.

सव्वासहाला नवरीचे मामा आले. "मले एक गाणं म्हणायचं आहे, ट्रॅक फोनमधी आहे. फोन लावून द्याल, झालं!" सत्तरच्या दशकातलं हिंदी गाणं. फोनवरून सरळ कराओके सोडून मोकळं होता आलं असतं आणि बरेच जण तेच करतात. मला ते पटत नाही. ट्रॅकमध्ये सगळंच असलं की गाणं ट्रॅकवर उभं राहतं, तो थांबला की गाणारा माणूस दोनशे पाहुण्यांसमोर एकटा पडतो. गाणं वाजवणाऱ्यांवर उभं राहिलं पाहिजे, ट्रॅकनं फक्त भरायचं.

म्हणून फाइल लॅपटॉपवर घेतली. मामांना एक सूर खाली हवं होतं, तसं स्केल उतरवलं. असे कराओके बहुतेक मशीनवर केलेले असतात, लय हलत नाही, त्यामुळे पहिली मात्रा आणि टेम्पो सापडला की क्लिक शेवटपर्यंत बसतो. तो उजव्या चॅनलवर घातला, अंतऱ्याआधी चार मात्रांचा आकडा बोलून टाकला. ड्रमर आणि ढोलकवाल्याला म्हटलं, पूर्ण वाजवा, ट्रॅक मी खाली ठेवतो. मामांनी एकदा म्हणून पाहिलं. जमलं.

कार्यक्रम रंगला. साडेनऊच्या सुमारास मामा आले, मुखडा झाला, पहिला अंतरा झाला आणि लाइन गेली. कूलर, दिवे, स्पीकर, गिटारचा अँप, कीबोर्ड, सगळं एकदम बंद. लॉन काळोखात. पण मिक्सर, लॅपटॉप आणि ड्रमरचा हेडफोन अँप यूपीएसवर होते, आणि माझ्या कानात क्लिक तसाच पडत होता. ड्रमरच्याही. त्यानं हात जरा हलका केला, पण सोडला नाही. ढोलक त्याच्यासोबत. मामा एका शब्दापुरते अडखळले, मग ढोलकवाल्याकडे वळून माइकशिवायच गात राहिले. पुढच्या खुर्च्यांवरून टाळ्यांचा ठेका सुरू झाला.

मिक्सरवर मीटरचे हिरवे दिवे हलत होते. आवाज तिथपर्यंत येत होता, फक्त पुढे जायला स्पीकर नव्हते. साउंडवाल्यानं मास्टर, म्हणजे सगळ्याचा एकत्र आवाज, पूर्ण खाली आणला, नाहीतर करंट येताच स्पीकर धाडकन आवाज करतात. मागे जनरेटर सुरू झाल्याचं ऐकू आलं, इलेक्ट्रिशियननं चेंजओव्हर ओढला, दिवे आले. साउंडवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. गाणं कुठे आहे ते त्याला कळत नव्हतं, मला कळत होतं. कानात आकडा सुरू झाला तसा मी हात वर करून बोटांनी मोजला. एक, दोन, तीन, चार. दुसऱ्या अंतऱ्याच्या समेवर त्यानं मास्टर वर नेला आणि व्हायोलिन जिथे यायला हवे होते तिथेच आले. माझ्या अंगावर काटा आला होता.

कीबोर्डवाल्याला मात्र त्या गाण्यात परत येता आलं नाही. त्याचं यंत्र नव्यानं सुरू होऊन आवाज लागेपर्यंत गाणं संपत आलं होतं. कीबोर्डला तशी वीज फारशी लागत नाही, त्यामुळे आता तोही यूपीएसवर असतो, गाणाऱ्यांच्या माइकचे रिसीव्हरही. स्पीकर त्यावर चालणार नाहीत, तो भार जनरेटरचाच. पण मधल्या वीस-तीस सेकंदांत लय धरून ठेवणारी प्रत्येक वस्तू जागी राहिली पाहिजे, यावर आमचा ड्रमर आता माझ्यापेक्षा जास्त आग्रही आहे. लॉनवर पोचला की किट लावायच्या आधी तो यूपीएसची पिन काढून बघतो, क्लिक चालू राहतो की नाही.