एक हजार पाउंड भोपळा आणि दोन चाकू

मिशिगनमधल्या एका शालेय जिल्ह्याच्या जेवण विभागात मी खरेदी आणि मेनू बघते. ऑक्टोबरातल्या एका पहाटे मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी ट्रक लागला. शेतकरी स्वतःच चालवत आला होता. आत बटरनटच्या २५ पेट्या, प्रत्येकी ४० पाउंडांची. बटरनट म्हणजे आपल्या लाल भोपळ्याच्या नात्यातला, सुरईच्या आकाराचा भोपळा. तो सोलून, फोडी करून यायचा होता. पण भाज्या चिरून देणाऱ्या केंद्राचं यंत्र आदल्या संध्याकाळी बंद पडलं आणि माल अख्खाच आला.

"परत नेऊ का?" त्याने विचारलं. परत नेला असता तर त्याला तो पडेल भावात विकावा लागला असता, आणि आम्ही गोठवलेल्या पाकिटांकडे वळलो असतो. मी सगळ्या पेट्या उतरवून घ्यायला सांगितलं.

अडचण खरी होती. अमेरिकेत शालेय भोजनाचा कायदा १९४६ सालचा. तेव्हा शाळेत स्वयंपाक होत असे. पुढे कित्येक ठिकाणी तयार माल गरम करून वाढणं एवढंच उरलं. आमच्या बहुतेक शाळांत अन्न गरम ठेवायच्या पेट्या आहेत, शेगडी नाही. मध्यवर्ती स्वयंपाकघरात धड चालणारे चाकू दोन. स्थानिक अन्नाची चर्चा शनिवारच्या बाजारातल्या टोमॅटोंभोवतीच फिरते, याची मला चीड येते. पिकवणारा तयार आहे, खाणारी मुलं तयार आहेत. मधले हात, सुऱ्या, शीतपेट्या आणि ट्रक आपण हळूहळू मोडीत काढले.

आमच्या मुख्य स्वयंपाकीणबाई तीस वर्षांच्या अनुभवी. त्या म्हणाल्या, कच्चा चिरायचाच नाही. बाहेर भोपळे घासून धुतले, काट्याने टोचे मारले आणि कॉम्बी ओव्हनमध्ये, म्हणजे वाफवणं आणि भाजणं दोन्ही करणाऱ्या ओव्हनमध्ये, अख्खेच वाफवले. नुसते मऊ पडू लागेपर्यंत, जास्त नाही. मग तेच दोन चाकू लोण्यातून जावे तसे चालले. बिया आइस्क्रीमच्या डावाने काढल्या. साल हाताने सुटत होती. कार्यालयातल्या दोघी हातमोजे घालून आल्या, बसचालकही सकाळची फेरी संपवून आला.

मसाला माझ्याकडे आला. शाळेच्या जेवणात मिठावर मर्यादा आहे, म्हणून तेल, जिरेपूड, पाप्रिका म्हणजे सौम्य लाल मिरचीची पूड, आणि थोडी लसूणपूड. आईच्या हातचं भोपळ्याचं भरीत डोक्यात होतं, मात्र दही-मिरचीचं धाडस मी केलं नाही. फोडी पुन्हा ओव्हनमध्ये, कडा तपकिरी होईपर्यंत. आठवीपर्यंतच्या मुलांना आठवड्यात पाऊण कप लाल-केशरी भाजी द्यावी लागते. तो हिशोब नेहमी गाजरावरच भागतो, म्हणून मुलांना गाजराचा कंटाळा आलेला असतो. त्या दुपारी पहिलीच्या एका मुलीने दुसऱ्यांदा मागितलं आणि तिच्यामागे रांग लागली. काही ताटं कचऱ्यात गेली, हेही सांगायला हवं.

उरलेल्याचा लगदा केला. शिजलेलं अन्न दोन तासांत १३५ अंश फॅरनहाइटवरून ७० पर्यंत आणि पुढच्या चार तासांत ४१ पर्यंत उतरवावं लागतं. झपाट्याने थंड करणारं यंत्र नसल्याने उथळ ट्रेमध्ये पातळ थर पसरले आणि दर अर्ध्या तासाने तापमान लिहिलं. डिसेंबरातलं सूप त्यातून निघालं.

पैशाचं सांगते. शाळांनी स्थानिक माल घ्यावा म्हणून ठरलेला मोठा केंद्रीय निधी मार्च २०२५ मध्ये रद्द झाला. आमच्या राज्याची 'टेन सेंट्स अ मील' योजना आहे: मिशिगनमध्ये पिकलेली फळं, भाज्या आणि कडधान्यं घेतली की दर ताटामागे दहा सेंटपर्यंत मिळतात. ती चांगलीच आहे. पण त्या पैशातून भोपळा घेता येतो, तो चिरायचं यंत्र घेता येत नाही. त्यामुळे उपकरणांच्या वेगळ्या अनुदानासाठी मी अर्ज लिहिला: भाजी चिरायचं यंत्र, थंड करायचं यंत्र, बारा चाकू. सोबत त्या दिवसाचे तापमानाचे कागद जोडले.

जानेवारीत, बियाणं मागवण्याआधी, त्या शेतकऱ्याचा फोन आला. यंदा किती लावू? मी म्हटलं, पेट्या तेवढ्याच, पण निम्म्या अख्ख्याच पाठवा.