बारा नंबरची अंगठी

माझ्या या ब्लॉगवर एरवी बिडाच्या ओतकामाविषयी, म्हणजे वाळू, भट्टी आणि नाकारल्या गेलेल्या कास्टिंगविषयी मजकूर असतो आणि तो वाचणारेही बहुधा शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतले माझे समव्यवसायी असतात. आजचा मजकूर अंगठीविषयी आहे. जिच्यासाठी ती घेतली तिला अजून काहीच ठाऊक नाही. उद्या रविवार आहे आणि उद्या मी तिला विचारणार आहे. त्यामुळे हे मी आज रात्री लिहून ठेवत असलो तरी प्रसिद्ध करीन ते तिचे उत्तर आल्यावर, मग ते उत्तर कोणतेही असो.

आमच्याकडे अंगठी घरात येते ती साखरपुड्याच्या निमित्ताने. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी मिळून अंबाबाईच्या देवळाजवळच्या गुजरीत जातात, मुलगी सोबत असते, सराफ मापाच्या कड्यांचा जुडगा काढून एकेक कडे तिच्या बोटात घालून पाहतो आणि दहा मिनिटांत नंबर ठरतो. ‘मागणी घालणे’ हा शब्दप्रयोग मराठीत जुना आहे खरा, परंतु मागणी घालायची ती घराला, आणि घालणारेही घरातलेच. ज्या दोघांचे लग्न व्हायचे त्यांनी त्या बैठकीत पोह्यांच्या बशा फिरवण्यापलीकडे फारसे काही करायचे नसते. चार वर्षांच्या ओळखीनंतर मला आधी तिलाच विचारायचे होते, आणि विचारताना हात रिकामा नसावा असे वाटत होते. म्हणजे बोट समोर नसताना अंगठी घ्यायची होती. त्यात आमच्या कारखान्यात यंत्रावर काम करताना अंगठी घालायला मनाई असल्यामुळे गेल्या नऊ वर्षांत माझ्या स्वतःच्या बोटातही कधी अंगठी नाही, तेव्हा या विषयातले माझे ज्ञान शून्यातूनच सुरू झाले.

तिच्या उजव्या हातात चांदीची एक साधी अंगठी असते. चांदीकामासाठी प्रसिद्ध असलेल्या हुपरीहून तिच्या मैत्रिणीने ती आणून दिली होती. एका रविवारी आमच्या घरी ती आईला भाकऱ्या करू लागली आणि पीठ मळण्याआधी तिने ती अंगठी काढून ओट्यावरच्या वाटीत ठेवली. माझ्या पिशवीत व्हर्नियर कॅलिपर असतोच. पाणी प्यायच्या निमित्ताने आत जाऊन मी तीन दिशांनी आतला व्यास मोजला: 16.7, 16.8 आणि 16.9 मिलिमीटर, म्हणजे वापरून ती किंचित लांबट झाली होती. आपल्याकडे अंगठीच्या नंबराचा हिशेब सोपा आहे. आतला परीघ मिलिमीटरमध्ये काढायचा आणि त्यातून 40 वजा करायचे. 16.8 व्यासाचा परीघ 52.8 येतो, वजाबाकी 12.8, म्हणजे नंबर 13. दोऱ्याने किंवा कागदाच्या पट्टीने माप घेणाऱ्यांची मला त्या दिवशी कीव आली.

पुढच्या आठवड्यात चहाच्या टपरीवर तिने कप उचलला तेव्हा माझ्या लक्षात आले की ती अंगठी ती मधल्या बोटात घालते. दर्जा तपासणीवर पोट असलेल्या माणसाने दशांश मिलिमीटरपर्यंत अचूक माप घेतले होते, पण भलत्याच भागाचे.

त्याच अवस्थेत मी पहिल्यांदा एका मोठ्या दालनात गेलो. तिथल्या तरुण विक्रेत्याने बोटाविषयी काहीही न विचारता थेट माझा पगार विचारला आणि हिऱ्याच्या अंगठीला दोन महिन्यांचा पगार लावायची पद्धत आहे, असे गंभीर चेहऱ्याने सांगितले. ही पद्धत आपल्या कोणत्याही शास्त्रात वा रिवाजात नाही. डी बिअर्स या हिरे विकणाऱ्या कंपनीच्या जाहिरातींनी ती गेल्या शतकात पाश्चात्त्य देशांत रुजवली आणि तिथून ती आपल्या काउंटरवर येऊन पोहोचली. मग त्याने एक कॅरेटचा हिरा दाखवला आणि शेजारी 30 सेंटचा ठेवून त्याला मुद्दाम खुजा ठरवले. एक कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम आणि त्याचे 100 सेंट. वजन तिपटीहून जास्त असले तरी गोल पैलूंच्या 30 सेंटच्या हिऱ्याचा व्यास साधारण 4.3 मिलिमीटर असतो आणि एक कॅरेटचा साधारण 6.5, म्हणजे डोळ्यांना दिसणारा फरक जेमतेम दीडपट. किंमत मात्र दीडपटही नव्हती आणि तिपटीवरही थांबत नव्हती, कारण हिरा मोठा होत जातो तसा त्याचा दर सेंटमागेही वाढतो. ते दिवे आणखी एक. छतातल्या त्या झगमगाटात काचेचा तुकडाही हिरा वाटावा, म्हणून मी खडा दारापर्यंत नेऊन उजेडात पाहण्याची परवानगी मागितली. ती मिळाली नाही आणि मी बाहेर पडलो.

आईला सांगणे तेव्हा भागच पडले. तिच्या कोल्हापुरी साजातल्या मण्यांची लाख दरवेळी ज्यांच्याकडे भरून घेतली जाते त्या आप्पांकडे जा, एवढेच तिने सांगितले. आप्पांचे दुकान म्हणजे गुजरीतल्या एका जिन्याखालची खोली; बसायला एकच स्टूल आणि तेही गिऱ्हाइकासाठी. मी कॅरेट, कट, रंग, शुद्धता असे सगळे पाठ करून गेलो होतो. ते ऐकून घेऊन त्यांनी चष्मा वर केला.

“खडा बघाय आलाईस का बोट?” त्यांनी विचारले. “ते बोट दिवसभर काय काम करतंय, ते सांग आधी.”

ती एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर रक्ताचे नमुने घेणे आणि प्रत्येक रुग्णागणिक हातमोजे बदलणे, हे तिच्या बोटांचे काम. हे सांगताच आप्पांनी खणातून दोन जुन्या अंगठ्या काढल्या. एकीत खडा चार नख्यांवर उंच उचललेला होता, दुसरीत तो कोंदणात बसवलेला होता, म्हणजे खड्याच्या कडेभोवती सोन्याची पट्टी उभी करून तिची धार आत वळवलेली होती. त्यांनी कापसाचा बोळा घेतला आणि पहिल्या अंगठीवरून ओढला. नख्यांना कापसाचे तंतू अडकून मागे राहिले आणि वाऱ्यावर हलू लागले. दुसरीवरून तोच बोळा ओढला, तर एकही तंतू मागे राहिला नाही. “हातमोजा म्हंजे कापसापेक्षा नाजूक,” ते म्हणाले. “आणि फाटला तर तुझ्या अंगठीपायी तिला रोग.”

मी दोन महिने खड्याचा अभ्यास करत होतो आणि ठरवायचे होते ते कोंदण. ‘कोंदण लाभणे’ हा वाक्प्रचार मी शाळेपासून वापरत आलो आहे, परंतु ती चीज हातात धरून पाहिली ती त्या दिवशी. कोंदणामुळे हिऱ्याची कड झाकली जाते आणि बाजूने शिरणारा प्रकाश थोडा कमी होतो, हे खरे. पण हिरा कितीही कठीण असला तरी ठरावीक दिशांनी बसलेल्या ठोक्याने त्याची कड टवका सोडू शकते, आणि नेमकी तीच कड कोंदण राखते. जुन्या दागिन्यांत कोंदणाची पाठ बंद असे. आम्ही ती उघडी ठेवायचे ठरवले, कारण दिवसातून अनेकदा साबणाने धुतल्या जाणाऱ्या हातावर बंद पाठीमागे साबण साचून खडा आंधळा दिसू लागतो, आणि उघडी असली म्हणजे मऊ ब्रशने आतून साफ करता येते.

खड्याचा निर्णय त्यानंतर सोपा झाला. पिवळ्या सोन्याच्या कोंदणात सोन्याचीच झाक खड्यावर पडत असल्यामुळे डी, ई, एफ अशा वरच्या, म्हणजे अगदी रंगहीन श्रेणींसाठी जास्तीचे पैसे मोजणे व्यर्थ असते. त्यांच्याहून खालची एच श्रेणी पुरते. शुद्धतेतही नुसत्या डोळ्यांना डाग दिसू नये एवढे पाहायचे. हात आखडू नये तो कटवर, कारण चमक येते ती पैलूंच्या कोनांतून. हिरा प्रयोगशाळेत वाढवलेला घ्यायचे मी ठरवले. तोही कार्बनच, काठिण्यही तेच, आणि यंत्राशिवाय नुसत्या डोळ्यांना भेद कळत नाही. किंमत मात्र खाणीतल्या हिऱ्याच्या तुलनेत अगदी थोडी. पुन्हा विकायला गेलो तर त्याचे फारसे काही येणार नाही हे मला माहीत आहे, पण मी ही अंगठी विकण्यासाठी घेत नाही. वाचलेले पैसे सोन्यात घातले आणि कडे चांगले दोन मिलिमीटर जाड करून घेतले, कारण पातळ कडी वीस-पंचवीस वर्षांत तळव्याच्या बाजूने झिजून कागदासारखी होतात. माझ्या आजीची तशी झाली होती. आप्पांनी खडा माझ्या हातात देऊन मला खुशाल गल्लीत उजेडात उभे केले, वर दहा पटींचे भिंगही दिले. हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला क्रमांक प्रमाणपत्राशी ताडून पाहायचा तो तेव्हाच, कारण कोंदण बसले की कड झाकली जाते आणि तो क्रमांक दिसत नाही. हे मला कोणत्याही दालनात कोणी सांगितले नव्हते.

मग माझ्या धंद्याचा विषय निघाला. हल्लीच्या बहुतेक अंगठ्या ओतीव असतात: संगणकावरच्या आराखड्यावरून मेणाची प्रतिकृती करायची, अशा अनेक प्रतिकृती मेणाच्या एका दांड्यावर झाडाच्या फांद्यांसारख्या चिकटवायच्या, भोवती प्लास्टरसारखे मिश्रण ओतून ते घट्ट झाले की भट्टीत मेण जाळून टाकायचे आणि उरलेल्या पोकळीत सोने ओतायचे. आमच्या वाळूच्या साच्याचा हा श्रीमंत चुलतभाऊ. मी साहजिकच वायूची छिद्रे आणि थंड होतानाचे आकुंचन यांविषयी विचारले, तेव्हा आप्पा पहिल्यांदा हसले. “ओतीव वाईट नसतंय. पण कानस मारली की कधी कधी आतनं भोकं निघत्यात, तुला काय सांगायचं.” शेवटी कडे घडीव करायचे ठरले. पुढच्या शनिवारी मी तिथे बसून ते पाहिले. सोन्याची बोटभर लगड, ती ठोकून लांबवायची, कडक झाली की तापवून मऊ करायची, जंतराच्या, म्हणजे भोके पाडलेल्या पोलादी पट्टीच्या, एकाहून एक लहान भोकांतून ओढायची, मग मापाच्या दांड्यावर वळवून टोके टाक्याने, म्हणजे सोन्याआधी वितळणाऱ्या जोडधातूने, जोडायची. ज्या क्षणी टाका पाण्यासारखा पळाला आणि सांधा नाहीसा झाला, त्या क्षणी मी श्वास रोखला होता. ओतकामावर जगणाऱ्या माणसाने घडीव माल पसंत केला याबद्दल सोमवारी मला कारखान्यात बोलणी खावी लागतील, ती मी खाईन.

सोने 18 कॅरेटचे, म्हणजे 75 टक्के. साजाला, पाटल्यांना 22 कॅरेट, म्हणजे 91.6 टक्के शुद्धतेचे सोने शोभते. पण खडा घट्ट धरून ठेवायला ते मऊ पडते.

राहिला नंबर. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे माप 13, तर डाव्या हाताच्या अनामिकेचे किती, या माझ्या प्रश्नावर आप्पांनी गणित न करता 12 सांगितले. अनामिका बहुधा मधल्या बोटाहून बारीक असते आणि कामाचा हात दुसऱ्याहून किंचित जाड, हे त्यांचे गमक. शिवाय कडे साधे असल्यामुळे पुढेमागे एखादा नंबर वाढवणे किंवा कमी करणे अर्ध्या दिवसाचे काम आहे. कड्यावर सभोवार खडे बसवले असते तर ती सोय राहिली नसती. चुकीचे माप दुरुस्त करण्याची जागा आधीच राखून ठेवणे, याला आमच्याकडे कास्टिंगमध्ये मशीनिंग अलाउन्स म्हणतात.

बिलाविषयी फार लिहीत नाही. सोन्याचे वजन आणि खड्याचे वजन वेगळे लिहून घ्यावे, घडणावळ टक्क्यांत सांगितली तर ती रुपयांत विचारावी, वर 3 टक्के जीएसटी असतो. हॉलमार्किंग, म्हणजे सोन्यावरचा शुद्धतेचा शिक्का, 16 जून 2021 पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले आणि 1 एप्रिल 2023 पासून सहा अंकाक्षरांच्या एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाशिवाय विक्री करता येत नाही. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला सूट आहे, आमची अंगठी त्याहून जड भरली. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या अॅपमध्ये घालून मी दुकानातच पाहिला. आप्पांना त्याचा राग आला नाही, उलट अॅप कसे चालते ते त्यांनी माझ्याकडून समजून घेतले.

अंगठी गुरुवारी घरी आली. मी आधी व्हर्नियर लावला: तिन्ही दिशांनी 16.5. आईने डबी उघडून पाहिली, देवापुढे ठेवली, आणि मग तिच्या मनातला प्रश्न बाहेर आला. हिरा सगळ्यांना लाभत नाही, तो घेण्याआधी तीन रात्री उशाखाली ठेवून स्वप्ने कशी पडतात ते पाहायचे असते, ही आजीची शिकवण. हा हिरा यंत्रात तयार झाला आहे, हे मी समजावून सांगितल्यावर ती बराच वेळ विचारात पडली, कारण आजीच्या नियमात यंत्रातल्या हिऱ्यासाठी तरतूद नव्हती. अखेर तिने निकाल दिला की हिरा तो हिराच. खरे तर जिने घालायचा तिच्या उशाखाली तो ठेवायला हवा, परंतु विचारण्याआधी ते कसे जमणार, म्हणून ही चाचणी माझ्यावर आली. मोजल्याशिवाय कशावर विश्वास न ठेवणारा मी, गुरुवारी रात्री डबी उशाखाली घेऊन झोपलो. पहिल्या रात्री स्वप्न पडलेच नाही. काल रात्री स्वप्नात आमची भट्टी बंद पडली होती, पण ते नेहमीचेच आहे, असे आईचे मत. आज तिसरी रात्र आहे.