शमुवेलचा सॅम्युएल, आणि उलट

आधी एक सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. नाव बदलायचा राजपत्राचा अर्ज रात्री अकरानंतर भरू नका.

माझं नाव शमुवेल, आजोबांनी ठेवलेलं. आमच्या नगरला 1831 साली अमेरिकन मराठी मिशन आलं. इथल्या जुन्या ख्रिस्ती घरांत बायबलातली नावं मराठी वळणानंच चालतात: शमुवेल, योहान, पौल. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात मी शमुवेल, शाळेच्या दाखल्यावरही शमुवेल. आधार काढताना कुणीतरी सॅम्युएल टाकलं, त्यावरून पॅन, पॅनवरून बँक. चालून जात होतं. आई गेली आणि तिच्या ठेवीचा नॉमिनी निघाला शमुवेल. बँकेला सापडला सॅम्युएल.

आधारमधलं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून घाई न करता आधी राजपत्र करायचं ठरवलं. अर्ज ऑनलाइन, कागद अपलोड, शुल्क भरलं, काही त्रास नाही. अंक आला तसा डाउनलोड केला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. एकोणीस जणांनी अंगठे दिले.

मग बँक. तिचं नाव लिहीत नाही, शाखेत अजून जायचंय.

पहिल्या खेपेला सांगितलं, फक्त तुमचं पान चालणार नाही, राजपत्राचं पहिलं पानही आणा. (आणाच. दोन्ही पानांच्या चार-चार प्रती काढून ठेवा.) दुसऱ्या खेपेला आईच्या मृत्यूचा दाखला मूळ हवा होता. तिसऱ्या खेपेला अर्धा दिवस रजा टाकून गेलो. टोकन एक्केचाळीस, चालू होतं सतरा. काउंटरवरच्या साहेबांनी मान वर न करता राजपत्राच्या ओळीवर पेन टेकवलं.

“जुने नाव शमुवेल. नवीन नाव सॅम्युएल. म्हणजे तुम्ही आता सॅम्युएल झालात. आम्हाला शमुवेल पाहिजे.”

मी ओळ दोनदा वाचली. रकाने मीच उलटे भरले होते. आणि तरी ओरडलो मीच. “पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं? तीन खेपा झाल्या माझ्या!” लोक वळून बघायला लागले. साहेबांनी पुढचं टोकन पुकारलं.

बाहेर पायरीवर बसलो. मनात आलं, अब्राम नव्याण्णव वर्षांचा असताना देवानं त्याचा अब्राहाम केला, त्याला रकाने नव्हते. तेवढ्यापुरतं हसू आलं. पण ‘तीन खेपा’ हे शब्द डोक्यातून जाईनात, कारण ते मी त्याच आठवड्यात दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून ऐकले होते.

मी शाळेत क्लार्क आहे. बावीस वर्षं लोकांचे अर्ज परत करतोय. त्या सोमवारी एक आजी नातीच्या दाखल्यासाठी आली होती. पहिल्यांदा सही नाही म्हणून परत पाठवली, मग आईच्या नावात वेलांटी चुकली म्हणून, मग रेशनकार्डाची झेरॉक्स नाही म्हणून. ती म्हणाली, “साहेब, तीन खेपा झाल्या. एकदाच सांगा ना सगळं.” मी म्हणालो, “फळ्यावर लिहिलंय.” फळ्यावर होतं, पण तिला वाचता येत होतं की नाही हे मी विचारलं नव्हतं.

रविवारी मी संडे स्कूल घेतो. बायबलातल्या ‘पहिले शमुवेल’ या पुस्तकाचा तिसरा अध्याय किती वेळा शिकवला असेन. रात्री देव हाक मारतो, पोरगं शमुवेल चुकून एली याजकाकडे धावतं, तेही तीनदा. मी नेहमी ‘बोल, तुझा दास ऐकत आहे’ एवढ्यावरच पोरांना थांबवायचो. नाव माझं ना, लक्ष माझ्याकडेच. एली म्हातारा, डोळ्यांनी अधू, भर झोपेतून उठवलेला. तो म्हणतो, मी नाही बोलावलं बाळा, जा, निज. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तोच ओळखतो की हाक कुणाची आहे, आणि पोराला काय म्हणायचं ते नीट सांगून पाठवतो. वैतागल्याचा एक शब्द नाही. इतक्या वर्षांत मला हा म्हातारा दिसलाच नव्हता. बँकेच्या पायरीवर दिसला.

अर्ज पुन्हा केला, शुल्क पुन्हा भरलं. या वेळी बायकोनं रकाने मोठ्यानं वाचले आणि मी बोट ठेवून तपासले. तुम्हीही दुसऱ्या माणसाला वाचायला लावा, आपल्या डोळ्यांना आपली चूक दिसत नाही. नवा अंक आला, बँकेनं घेतला. साहेबांना सॉरी म्हणालो. ते “हं” म्हणाले.

आजीच्या नातीचा दाखला मी वेलांटी दुरुस्त करून, सही-शिक्क्यासह तयार ठेवलाय. कळवावं म्हणून तिचा अर्ज काढला. फोन नंबर नऊच आकडी निघाला. तीन वेळा अर्ज तपासला, ते मात्र मला दिसलं नव्हतं.